संचालक केलंत, पण जोखीम कोणी सांगितली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या अंकात शेतकरी उत्पादक कंपन्यांवर पानभर मजकूर आला होता. फोटो झकास होते. फेटे बांधलेले संचालक, मागे बीजप्रक्रिया केंद्राचा नवा कोरा फलक आणि खाली ओळ, ‘शेतकरी झाला कंपनीचा मालक’. मालक झाला, यात वाद नाही. पण संचालक म्हणून कायद्याने आपल्या डोक्यावर काय काय ठेवलंय, हे त्या फोटोतल्या किती जणांना कोणी सांगितलं असेल? त्या पानभर मजकुरात त्याबद्दल एक ओळ नव्हती, म्हणून हे पत्र. लांबलं तर पुढचं-मागचं कापा, मधला भाग तेवढा ठेवा.

माझी नोकरी सरकारी सर्वसाधारण विमा कंपनीत झाली, बहुतेक जालना आणि परभणीत. जिनिंगच्या आगी, सरकीचे भिजलेले ट्रक, तेल गिरणीचे बॉयलर, असल्या दाव्यांत उमर गेली. शेवटी शेवटी दायित्व विम्याचं टेबल माझ्याकडे आलं. त्यात संचालक आणि अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक दायित्वाची एक पॉलिसी असते, बाजारात तिला ‘डी अँड ओ’ म्हणतात. जालन्यात ती कोणी फारशी मागत नसे आणि आम्हीही आपणहून विकायला जात नसू. आता निवृत्त आहे, पण लोक अजून कागद घेऊन घरी येतात. बायको म्हणते, ऑफिस सुटलं, ऑफिसवाले सुटले नाहीत.

यंदा मृग तोंडावर असताना मंठा तालुक्यातले एक जण आले. पन्नाशीचे, घरची सोयाबीन-तूर, गावच्या उत्पादक कंपनीत संचालक. ही कंपनी सभासदांच्या शेतावर सोयाबीनचं बियाणं करून स्वतःच्या नावाच्या पिशवीत विकते. त्यांच्या पिशवीतून दोन कागद निघाले. एक शेजारच्या जिल्ह्यातल्या न्यायालयाचं समन्स. बियाणे निरीक्षकाने दुकानातून घेतलेला नमुना उगवणीत नापास झाला होता. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते, ती भरली नव्हती. आरोपींत पहिला दुकानदार, मग कंपनी, मग ओळीने सगळे संचालक. दुसरा कागद कंपनी निबंधकाचा, म्हणजे कंपन्यांची नोंदणी आणि कागदपत्रं पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा, सगळा इंग्रजीत, वार्षिक विवरणपत्रं न भरल्याबद्दल. ते म्हणाले, “साहेब, कंपनीचं चुकलं आसंल, पर मह्या नावानं कामून आलं? म्या तर नुस्ती सही केली व्हती.”

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. कंपनीचं देणं भागभांडवलापुरतं मर्यादित असतं, ही सोय भागधारकाला आहे. हजाराचा शेअर घेणाऱ्या सभासदाचे फार तर हजार जातील. संचालकाला ती सोय लागू नाही. १९६६ च्या बियाणे कायद्याचं २१ वं कलम सांगतं की गुन्हा कंपनीचा असेल तर त्या वेळी कंपनीचा कारभार ज्याच्या हाती होता तोही दोषी धरायचा. मला ठाऊक नव्हतं आणि मी पुरेशी काळजी घेतली होती, हे त्याने सिद्ध केलं तरच तो सुटतो. संचालकाची संमती किंवा हयगय दिसली तर तोही आत. शिवाय उत्पादक कंपन्यांसाठी कंपनी कायद्यात एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यातलं ‘३७८ टी’ हे कलम म्हणतं की कायद्याच्या किंवा नियमावलीच्या विरोधातल्या ठरावाला ज्या संचालकांनी मत दिलं, ते कंपनीच्या नुकसानीला एकत्रितपणे आणि एकेकटेही जबाबदार. एकेकटेही याचा अर्थ असा, की वसुली ज्याच्या सातबारावर काही दिसतं त्याच्याकडून आधी होणार.

या बियाणे कायद्याची गंमत ऐका. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. पाचशेच्या दंडासाठी माणूस परजिल्ह्यात तारखांना जातो, वकील लावतो, जामीनदार शोधतो, आणि ऐन पेरणीत त्याचा दिवस मोडतो. खरा खर्च दंडाचा नव्हे, बचावाचा. पण ही गंमत फार काळ टिकणारी नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे कायद्याचा मसुदा खुला केला. त्यात मोठ्या गुन्ह्यांना ३० लाखांपर्यंत दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद सुचवली आहे. शेतकऱ्याच्या बाजूने हे योग्यच म्हणेन. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरणी कोणाकोणाला करावी लागली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला बातम्यांवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली, हे मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही. माझा मुद्दा एवढाच की बियाण्याच्या धंद्यातल्या मुरलेल्या कंपनीकडे या मसुद्यासाठी वकील, प्रयोगशाळा आणि विमा तिन्ही आहे. फेटा बांधून फोटोत उभा असलेल्या संचालकाकडे यातलं काय आहे?

दुसऱ्या कागदाचं कारण तर ठरल्यासारखं आहे. १० हजार शेतकरी उत्पादक संस्थांची केंद्राची योजना २०२० साली आली. तिच्यात एका संस्थेला ३ वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत कारभारखर्च मिळतो. त्यातून सीईओचा पगार निघतो, हिशेबनीस राहतो, सीएची फी जाते, फॉर्म वेळेवर भरले जातात. पैसा संपला की सीईओ दुसरी नोकरी बघतो. मंठ्याच्या कंपनीचा सीईओ पुण्याला गेला आणि सभांच्या इतिवृत्ताचं पुस्तक, निबंधकाकडे फॉर्म भरायच्या पोर्टलचा पासवर्ड, सगळं त्याच्याकडेच राहिलं. त्यानंतर ओळीने ३ वर्षं हिशेब किंवा विवरणपत्र गेलं नाही की कंपनी कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे संचालक ५ वर्षांसाठी अपात्र, आणि या कंपनीतच काय, कुठल्याच कंपनीत नव्याने संचालक होता येत नाही. हे नुसतं पुस्तकातलं कलम नाही. २०१७ मध्ये सरकारने एका झटक्यात ३ लाखांवर संचालक अपात्र ठरवले होते. वर उशिराचं शुल्क दर फॉर्मला दर दिवशी १०० रुपये, आणि ते कुठे थांबत नाही. उत्पादक कंपनीने घेतलेलं कर्ज ९० दिवस थकीत राहिलं तरी संचालकाची जागा रिकामी होते, हे तर मी ज्या ज्या संचालकाला सांगितलं त्याने डोळे मोठे केले.

२०१९ आणि २०२० च्या दुरुस्त्यांनी कंपनी कायद्यातल्या बऱ्याच चुकांवरची फौजदारी काढली आणि दंड ठरवायचं काम निबंधकाच्या पातळीवरच्या अधिकाऱ्याकडे दिलं. वर्तमानपत्रांनी ‘उद्योजकांना दिलासा’ असे मथळे दिले. दिलासा आहेच, उत्पादक कंपन्या आणि लहान कंपन्यांना तर दंड निम्मा, आणि संचालकामागे फार तर १ लाख. पण हा १ लाख त्याच्या स्वतःच्या खिशातला, आणि आदेशावर अपील करायला दिवस ६०. कोर्टाची भीती होती तोवर नोटीस कपाटात पडून राहिली तरी वर्षं जात. आता दोन-तीन महिन्यांत निकाल लागून मोकळं. इंग्रजी नोटीस पोळ्यापर्यंत कपाटावर ठेवणाऱ्याला हा बदल महागात जातो.

आता विमा. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिल असलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं, “काका, ५ कोटींची डी अँड ओ काढली, आता निवांत.” मी पॉलिसी मागवून घेतली आणि त्यांच्याच ऑफिसात बसून वाचली. पहिल्या पानावरचा आकडा त्यांनी पाहिला होता, बाकीची पानं एजंटानेही पाहिलेली दिसली नाहीत.

त्यात काय होतं ते सांगतो, कारण सगळ्याच कंपन्यांच्या पॉलिसींचा सांगाडा थोड्याफार फरकाने हाच असतो. ५ कोटी सगळ्या संचालकांत मिळून, अख्ख्या वर्षाचे. वकिलांची फी त्याच ५ कोटींतून जाते. एका विहिरीवर सहा मोटारी बसवल्यासारखं आहे, पहिल्याने जास्त उपसलं तर शेवटच्याच्या पाइपातून हवा येणार. संचालकावरचा दावा पॉलिसीच्या मुदतीत दाखल व्हायला हवा आणि विमा कंपनीला मुदतीतच कळवायला हवा. आगीच्या विम्यात आग कधी लागली ते बघतात, इथे नोटीस कधी आली ते बघतात. मार्चमध्ये आलेली नोटीस ‘बघू’ म्हणून ठेवली आणि एप्रिलमध्ये नूतनीकरण करताना प्रस्तावपत्रात, म्हणजे विमा घेताना भरायच्या अर्जात, ‘कोणत्याही नोटिशीची माहिती नाही’ लिहिलं, तर दोन्ही वर्षं हातची जातात: जुन्या पॉलिसीला कळवलं नाही, नवीला लपवलं.

मग अपवाद. फसवणूक शेवटपर्यंत सिद्ध झाली तर संरक्षण नाही, आणि दिलेली वकिलाची फीसुद्धा परत मागता येते. कर आणि दंड नाहीत. कामगाराच्या इजेची किंवा मृत्यूची भरपाई नाही, प्रदूषणाची सफाई नाही. एका संचालकाने दुसऱ्यावर केलेला दावा नाही. आमच्याकडे भाऊ-भाऊ आणि साडू-मेहुणे मिळून कंपन्या चालवतात, तिथे पहिला दावा घरातूनच येतो, आणि नेमका तोच वगळलेला!

मिलवाल्यांची पुढची अडचण मोठी होती. बँकेला त्यांनी, भावाने आणि वहिनींनी मिळून वैयक्तिक हमी दिलेली. वहिनी संचालक आहेत. त्यांनी मिलची भट्टी लांबूनही पाहिलेली नसावी. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि कोणीतरी ती विकत घेतली, तरी हमीदार सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी स्पष्ट केलं आहे. आणि हमी हे करारातलं देणं, डी अँड ओ पॉलिसी त्याला हात लावत नाही. वहिनींचं घर गेलं तर विमा कंपनी सहानुभूतीचं पत्र पाठवेल. चेक न वटल्याच्या खटल्यातही त्यांचं नाव येऊ शकतं. तिथे निदान २००५ पासून न्यायालयाची अट आहे की संचालक कारभार पाहत होता हे तक्रारीत स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, नुसतं पद पुरत नाही. ही अट वकिलाने पहिल्या तारखेला मांडली पाहिजे. त्या वकिलाची फी मात्र या पॉलिसीतून निघू शकते, आणि माझ्या मते लहान कंपनीसाठी या विम्याची खरी किंमत तीच: नुकसान नव्हे, बचाव.

कारखान्याचं आणखी एक आहे. कागदावर ‘भोगवटादार’ आणि बोलण्यात ‘ऑक्युपायर’, म्हणजे कारखान्याच्या कारभाराला कायद्याने जबाबदार माणूस, म्हणून ज्याचं नाव परवान्यावर असतं, तो कंपनीत संचालकच असला पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आहे. तोवर मॅनेजरला पुढे करायची पद्धत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही भोगवटादार संचालकच. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून ६ कामगार गेले. त्या प्रकरणाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्यानंतर वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात किती संचालकांनी आपलं नाव कोणत्या परवान्यावर कोणत्या नात्याने आहे हे काढून पाहिलं? मी ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी सीएला फोन लावला.

मोठ्या शेअर बाजारातल्या कंपन्यांचं बरं आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१८ पासून वरच्या ५०० आणि २०२२ पासून वरच्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना स्वतंत्र संचालकांसाठी हा विमा सक्तीचा केला. त्यामुळे मुंबईत दलालांची फौज, सल्लागार, परिसंवाद. परदेशात तर हवामानबदलावरून संचालकांना कोर्टात खेचतात. लंडनमध्ये २०२३ मध्ये एका पर्यावरण संस्थेने शेल या तेल कंपनीच्या संचालकांवर दावा केला, तो न्यायालयाने उडवून लावला, पण बचावाचा खर्च व्हायचा तो झालाच. विमा कंपन्यांचं सगळं लक्ष तिकडे. ते चूक म्हणत नाही, धोका तिथे आहे तर लक्षही तिथे जाणार.

पण इकडेही नवा धोका शिरतोय आणि विमा कंपन्यांना तो दिसत नाही. उत्पादक कंपनीकडे सगळ्या सभासदांचं आधार, सातबारा, पासबुकाचं पहिलं पान असतं. असतं कुठे? सीईओच्या मोबाइलमध्ये, नाहीतर सगळ्यांना उघडा असलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. माहिती नीट राखली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. गावच्या कंपनीला २५० कोटी कोणी लावणार नाही, हे उघड आहे. पण त्या सीईओने नोकरी सोडताना मोबाइल बरोबर नेला, आणि त्याबद्दल संचालक मंडळाच्या इतिवृत्तात एक ओळ नाही, ही गोष्ट उद्या चौकशीत कोणी विचारली तर उत्तर काय?

माझं जुन्या सहकाऱ्यांशी भांडण इथे आहे. लहान कंपनीचा प्रस्ताव आला की ‘प्रीमियम किरकोळ, कटकट फार’ म्हणून बाजूला सारतात, किंवा मुंबईची छापील पॉलिसी तशीच चिकटवून देतात. प्रस्तावपत्र इंग्रजीत, त्यात अमेरिकेतल्या उपकंपन्यांबद्दल प्रश्न, आणि बियाण्याचा नमुना कधी नापास झाला का, विवरणपत्रं भरली का, कर्ज थकीत आहे का, हे जे इथे विचारायला पाहिजे ते कुठेच नाही. मग दावा आला की ‘माहिती दडवली’. दडवली नव्हती, तुम्ही विचारलीच नव्हती. चुकीचे प्रश्न विचारून घेतलेली जोखीम विमा कंपनीच्याही अंगावर येते, आणि लहान लहान शंभर बचावखर्च मिळून एका मोठ्या दाव्याला भारी पडतात, हे दायित्वाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

यावर करता येण्यासारखं आहे. जिल्ह्यातल्या उत्पादक कंपन्यांचा गट करून फक्त बचावखर्चाची लहान पॉलिसी द्यावी, प्रत्येक कंपनीची रक्कम वेगळी ठेवून. हप्ता कंपनीने भरला तर तो संचालकाच्या मानधनात धरला जात नाही, ही सोय कायद्यात आधीच आहे. विवरणपत्रं वेळेवर भरणाऱ्याला सवलत द्यावी. तेवढ्यासाठी तरी लोक पासवर्ड जपून ठेवतील. आणि योजनेच्या ३ वर्षांनंतर हिशेबनीसाचा पगार कोण देणार, याचं उत्तर कंपनी नोंदवायच्या आधीच संचालकांना लेखी मिळालं पाहिजे. माझ्या हिशेबाने हे विम्याहूनही आधी.

खुर्चीत बसलेल्यांना दोनच गोष्टी सांगतो. ठराव पटला नाही तर गप्प बसू नका, विरोध इतिवृत्तात नावासकट लिहून घ्या, आणि त्या पानाचा फोटो स्वतःजवळ ठेवा. राजीनामा दिला तर अध्यक्षाच्या हातात चिठ्ठी देऊन गावी जाऊ नका. पोच घ्या, कंपनीने डीआयआर-१२, म्हणजे संचालक बदलल्याचं निबंधकाला कळवायचा फॉर्म, भरला का ते पोर्टलवर बघा, नसेल भरला तर राजीनामा कळवायचा डीआयआर-११ स्वतः भरता येतो. सोडल्यानंतरही आपल्या काळातल्या चुकीला आपण उत्तरदायी राहतो, पण निदान पुढच्याच्या चुकीला तरी राहत नाही.

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडमधल्या विमा कंपन्यांच्या प्रमुखांना आपल्या दैनिकाने एवढंच विचारावं: उत्पादक कंपनीच्या संचालकासाठी मराठीतलं प्रस्तावपत्र तुमच्याकडे आहे का, आणि नसेल तर कधीपर्यंत होईल? जो उत्तर देईल त्याचं उत्तर छापा. जो देणार नाही त्याच्या कार्यालयाचं नाव छापायला माझी हरकत नाही, तुमच्या जाहिरात विभागाची असेल तर तुम्ही बघा.

आपला,
एक निवृत्त विमा अधिकारी, जालना
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)